बेघरांचा शेजार: कल्याण छावणीची हकीकत

मुंबई कायदेमंडळाने १९४७ साली घरभाड्यांच्या नियंत्रणाचा जो सुप्रसिद्ध कायदा केला, तो लोकांच्या तोंडी नुसता 'रेंट अ‍ॅक्ट' म्हणून रूढ झाला. परंतु त्याचे पूर्ण नाव वाचून पाहिले असता घरभाड्याच्या जोडीने हॉटेले आणि लॉजिंग हाउस यांच्या दरांचाही त्यात उल्लेख आढळतो. वाटसरूने दोन रात्री काढून पुढे जावयाचे, त्या जागेची काळजी भाडेकरूंच्या कायद्याने का वाहावी, असा प्रश्न सहजच मनात येतो. उत्तर सरळ आहे. ज्यांना घर मिळत नसे ती कुटुंबे हॉटेलात बिऱ्हाड थाटीत होती, आणि हॉटेलवाले तिची किंमत ओळखून होते. ही तक्रार एकट्या फाळणीची नव्हे. युद्ध चालू असताना १९४४ साली जो आधीचा कायदा झाला होता, त्याच्याही नावात हॉटेले आणि लॉजिंग हाउस होतीच. गोदीत, गिरणीत आणि लष्करी कचेऱ्यांत कामाला आलेल्या माणसांनी मुंबई तेव्हाच काठोकाठ भरली होती. १९४१ च्या शिरगणतीत मुंबई बेटाची वस्ती १५ लाखांच्या आतबाहेर होती. १९५१ च्या शिरगणतीत ती २३ लाखांवर गेली. दहा वर्षांत आठ लाख माणसे वाढली, आणि त्या मानाने घरे वाढली नाहीत.

नवा भाडेकायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला. त्यात पागडी घेणे हा गुन्हा ठरविला होता. तथापि पागडी काही थांबली नाही. ती पावतीवाचून, दाराआड घेतली जाऊ लागली, एवढाच फरक झाला. अशा या शहराच्या बंदराला नेमक्या त्याच महिन्यांत कराचीहून निघालेल्या आगबोटी लागत होत्या.

सिंधची गोष्ट पंजाब-बंगालहून निराळी होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पंजाब चिरला गेला, बंगालही चिरला गेला. पण त्यांचा एकेक भाग हिंदुस्थानात राहिला आणि तेथल्या निर्वासितांना निदान आपली भाषा बोलणाऱ्या मुलखात पाय टेकता आला. सिंध अखंडच पाकिस्तानात गेला. १९४७ च्या डिसेंबरात सिंधमधील हैदराबाद शहरात दंगल झाली, ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झाली, आणि तोपर्यंत घरदार सोडण्यास नाखूश असलेल्या हिंदू कुटुंबांचा धीर सुटला. १२ ते १४ लाख माणसे सिंध सोडून निघाली. काही जोधपूरच्या आगगाडीने राजस्थानात उतरली, काही काठेवाडच्या बंदरांना लागली, आणि फार मोठा लोंढा मुंबईस आला.

तो मुंबईसच का आला, याचे कारण जुन्या कारभारात सापडते. सर चार्ल्स नेपियरने १८४३ साली सिंध जिंकला, त्यानंतर चारच वर्षांनी तो मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. आणि १ एप्रिल १९३६ रोजी वेगळा प्रांत होईपर्यंत जवळजवळ ९० वर्षे त्याचा कारभार मुंबईहून चालला. सिंधी मुलाने मॅट्रिकची परीक्षा द्यावयाची ती मुंबई विद्यापीठाची, सिंधी वकिलाने सनद मिळवावयाची ती याच इलाख्याची. उलट दिशेनेही माणसे गेलीच होती. कराचीतील सर्वांत जुन्या सरकारी शाळेला ज्यांचे नाव आहे, ते नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी गृहस्थ सिंधच्या शिक्षणखात्यात अधिकारी होते आणि सिंधी भाषेच्या लिपीसंबंधी त्यांनी मोठी खटपट केली. ती शाळा कराचीत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तेव्हा १९४८ साली बॅलार्ड पिअरच्या परिसरात गाठोडी घेऊन उतरलेला सिंधी माणूस परमुलखात आला असे म्हणणे कागदोपत्री खरे असले, तरी त्याच्या दृष्टीने तो बारा वर्षांपूर्वीच्या आपल्या राजधानीतच आला होता.

राजधानीने मात्र त्याला त्या नात्याने ओळखले नाही. बाळासाहेब खेर त्या वेळी मुंबईचे मुख्य प्रधान होते आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. निर्वासितांनी शहरात न थांबता सरकारने नेमलेल्या छावण्यांत जावे, असे या सरकारचे धोरण होते. १९४८ साली त्यासाठी खास कायदा करण्यात आला. निर्वासिताने आपली नोंद करावी आणि सरकार सांगेल तेथे राहावे, असा त्याचा आशय. सिंधी कुटुंबांच्या आठवणींत या काळाचा कडवटपणा अजून उरलेला आहे, आणि मोरारजींचे नाव त्या आठवणींत फारशा प्रेमाने घेतले जात नाही. सरकारच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते, हे नाकारता येत नाही. धान्य शिधापत्रिकेवर होते, पाणी तोकडे होते, शहरात दंग्यांची धग पुरती विझली नव्हती. परंतु 'आमच्याकडे जागा नाही' हे वाक्य जेव्हा घरमालक उच्चारतो, तेव्हा त्याचा अर्थ निराळा असतो आणि सरकार उच्चारते तेव्हा निराळा. मुंबईत त्या दोन अर्थांची सरमिसळ झाली.

शहरातली रिकामी जागा बेघरांना द्यावी, हा विचार सरकारला सुचला नव्हता असे नव्हे. ४ डिसेंबर १९४७ रोजी जागा ताब्यात घेण्याचा वटहुकूम निघाला आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. रिकामी झालेली जागा मालकाने सरकारला कळवावी, आणि सरकारने ती सार्वजनिक कामासाठी घेऊन योग्य माणसास द्यावी, अशी ती व्यवस्था होती. या व्यवस्थेने जे तंटे माजविले, त्यांतला एक तर हिंदुस्थानच्या कायद्याच्या इतिहासात अजरामर होऊन बसला आहे. वॉर्डन रोडवर 'पॅरेडाइज' नावाची इमारत होती. तिच्या पहिल्या मजल्यावरील एका जागेचा भाडेकरू २९ जानेवारी १९४८ रोजी आपला हक्क दुसऱ्यांच्या नावे करून निघून गेला. हक्क घेणारांमध्ये सिंधहून आलेले एक निर्वासित होते, आणि ते तेथे राहावयासही आले. महिना भरतो न भरतो तोच, २६ फेब्रुवारी रोजी, सरकारने ती जागा ताब्यात घेण्याचा हुकूम काढला आणि त्याच दिवशी ती एका बाईंच्या नावे करून दिली. त्या बाईही सिंधहून आलेल्या निर्वासितच होत्या!

एका बेघराला घर देण्यासाठी दुसऱ्याला उठविण्याचा हा प्रकार उच्च न्यायालयाने मान्य केला नाही. पण सरकार वर गेले, आणि 'मुंबई प्रांत विरुद्ध खुशालदास अडवाणी' या नावाने प्रसिद्ध झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९५० रोजी बहुमताने सरकारच्या बाजूने निकाल दिला. जागा सार्वजनिक कामासाठी हवी की नको, हे ठरविणे हा कारभाराचा प्रश्न आहे, न्यायनिवाड्याचा नव्हे, असे बहुमताचे म्हणणे पडले. कायद्याचे विद्यार्थी हा खटला 'निमन्यायिक' या शब्दाच्या व्याख्येसाठी पाठ करतात. त्या व्याख्येच्या तळाशी दोन सिंधी कुटुंबे आणि एकच दिवाणखाना होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

याच कायद्याखालचा दुसरा एक खटला १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. भानजी मुनजी यांच्या नावाने तो ओळखला जातो. बेघराला घर देणे हे सार्वजनिक काम होय की नव्हे, हा त्यातला वाद. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिताना फाळणीनंतरच्या मुंबईचे जे वर्णन केले आहे, ते मुळातून वाचण्यासारखे आहे. निर्वासितांच्या लोंढ्यामुळे सभ्यता, नीती, आरोग्य आणि गुन्हेगारी यांसंबंधी जे प्रश्न उभे राहिले, त्यांची त्यांनी नोंद केली. वस्तीत बेघर माणसे आणू नयेत म्हणून शेजारी जी कारणे देतात, ती नेमकी हीच असतात. परंतु बोस यांनी ती कारणे निर्वासितांच्या माथी मारली नाहीत. ज्यांना डोक्यावर छप्पर मिळत नव्हते त्यांच्या दैन्यावर गबर होणाऱ्या घरमालकांना त्यांनी शब्दांचा चांगला मार दिला, आणि बेघराला घर देणे हे सार्वजनिक कामच आहे असा निर्वाळा दिला.

पण हा निर्वाळा मिळेपर्यंत सहा-सात वर्षे लोटली होती. एकेक खोली ताब्यात घ्यावयाची, एकेका खोलीपायी न्यायालयाची पायरी चढावयाची, या रीतीने लाखभर माणसांची सोय होणे शक्यच नव्हते. जेथे हरकत घेणारा शेजारीच नाही अशी जागा सरकारला हवी होती, आणि ती युद्धाने तयार करून ठेवली होती.

लष्कराने सोडलेल्या बराकींत बेघरांनी शिरावे, हा त्या काळाचा जगभरचा प्रकार होता. इंग्लंडात १९४६ च्या उन्हाळ्यात बॉम्बने घरे गमावलेल्या कुटुंबांनी कोणाची परवानगी न घेता रिकाम्या लष्करी छावण्यांचा ताबा घेतला; त्यांची संख्या ४०,००० च्या वर गेली आणि सरकारने डोळेझाक केली. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात काही कुटुंबे लंडनच्या श्रीमंत केन्सिंग्टन भागातील एका इमारतीत आणि ब्लूम्सबरीच्या आयव्हनहो हॉटेलात शिरली, तेव्हा मात्र सरकारने पोलिसांचा पहारा बसविला आणि पंधरवड्याच्या आत त्यांना बाहेर काढले. माळावरच्या बराकीत गरीब माणूस खपतो, प्रतिष्ठित रस्त्यावरच्या हॉटेलात खपत नाही. ही दृष्टी पुढेही बदललेली नाही. २०२० साली साथीच्या दिवसांत न्यूयॉर्कच्या सुखवस्तू वस्तीत लुसर्न नावाच्या हॉटेलात बेघर पुरुषांना ठेवले, तेव्हा शेजाऱ्यांनी संस्था काढून, वकील देऊन त्यांना हलविण्याची खटपट केली.

आपल्याकडे कोल्हापूरजवळ वळिवड्यास युद्धकाळात पोलंडच्या सुमारे ५,००० निराश्रितांची वसाहत होती. १९४३ पासून पाच वर्षे ती माणसे तेथे राहिली, आणि ती गेल्यावर त्यांच्याच बराकींत सिंधी कुटुंबे आली. त्या वस्तीचे नाव गांधीनगर. पुण्याजवळ पिंपरी, नाशिकजवळ देवळाली, मुंबईच्या कडेला चेंबूर, मुलुंड आणि शीव-कोळीवाडा, अशा आणखीही छावण्या पडल्या. या सर्वांत मोठी छावणी कल्याणची.

बोरीबंदरहून कल्याण ३३ मैल. तेथून बदलापूर-कर्जतच्या बाजूस निघालेल्या लोहमार्गालगत लष्कराने युद्धकाळात तात्पुरत्या मुक्कामाची छावणी उभारली होती. ६,००० शिपाई आणि ३०,००० इतर माणसे यांच्यासाठी केलेल्या या छावणीत २,१२६ बराकी आणि सुमारे १,१७३ लहान निवासस्थाने होती. बराक म्हणजे मध्ये लांबच लांब दालन आणि दोन्ही टोकांस खोल्या. पलीकडे अंबरनाथ; शके ९८२ चा शिलालेख मिरविणारे शिलाहारांचे शिवमंदिर आणि आगपेट्यांचा कारखाना, या दोन गोष्टींकरिता ते नाव घेतले जाई. आणखी पुढे बदलापूर. तेथे जुन्या काळी प्रवासी घोडे बदलीत म्हणून ते नाव पडले, अशी लोकसमजूत आहे. बाकी सारी भातखाचरे, गवताळ माळ, आणि आशेळे, माणेरे, वडोल यांसारखी लहान गावे.

या गावांना कोणी विचारले नव्हते. युद्धकाळात हिंदुस्थान संरक्षणाच्या नियमांखाली लष्कराला हवी ती जमीन घेता येई, आणि शेतकऱ्याच्या संमतीचा तेथे प्रश्नच नसे. मुंबईचा घरमालक उच्च न्यायालयात गेला, वरच्या न्यायालयापर्यंत झगडला आणि त्याची हरकत कायद्याच्या ग्रंथांत छापून राहिली. आगरी-कुणबी शेतकऱ्याची हरकत जर कोठे उमटली असेल, तर ती चावडीवर. लाखभर निर्वासितांची वस्ती कल्याणच्या माळावर का झाली आणि मलबार हिलच्या रिकाम्या दिवाणखान्यांत का झाली नाही, याचे कारण जागेच्या सोयीत जितके आहे तितकेच या फरकात आहे.

छावणीतील पहिल्या वर्षांचे वर्णन ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या तोंडून पुष्कळांनी ऐकलेले आहे. एकेका दालनात अनेक कुटुंबे. दोन कुटुंबांच्या मध्ये भिंत म्हणून गोणपाट किंवा जुने लुगडे. नळावर रांग, शौचकूपावर रांग, शिध्यासाठी रांग. हैदराबादेत वाडा असलेला आमिल आणि शिकारपूरचा सावकार त्याच रांगेत उभे. बायांनी पापड लाटावयास आणि लोणची घालावयास आरंभ केला. पोरे लोकल गाडीत गोळ्या, पेन्सिली, कंगवे विकू लागली. सरकारी मदतीवर बसून राहणारा समाज हा नव्हता, आणि शेजाऱ्यांच्या मनात पुढे जी अढी बसली तिचे मूळही यातच होते. निर्वासिताने दीनवाणे राहावे, ही यजमानाची अपेक्षा असते. त्याने दोन पैसे नफ्यावर माल विकून बाजार काबीज केला की दयेचे रूपांतर तक्रारीत होते. सिंधी व्यापारी खोटा माल विकतो, त्याच्या मालावरील 'यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद मुंबईत दोन पिढ्या चालला. 'निर्वासित' हा शब्दच शिवीसारखा वापरला जाऊ लागला. ती शिवी देणाऱ्यांनी चादरी, कपडे आणि सामानसुमान मात्र उल्हासनगरच्या बाजारातूनच आणले, कारण ते स्वस्त मिळत असे!

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी येथे नव्या नगराचा पाया घातला आणि 'कल्याण कँप'चे उल्हासनगर झाले. नाव शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीचे. त्यात आनंद हा अर्थ आयताच सापडला. ज्यांच्या अंगावर अजून गोणपाटाच्या भिंती होत्या, त्यांना हे नाव त्या दिवशी कसे वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. व्यवहारात जुने नाव पुसले गेले नाही. आजही पत्ता सांगताना माणूस 'कँप नंबर तीन', 'कँप नंबर पाच' असेच सांगतो. पाच छावण्यांपैकी पाचवी थेट अंबरनाथच्या हद्दीस भिडलेली आहे. १९५१ च्या शिरगणतीत या वस्तीची लोकसंख्या ८० हजारांवर भरली. ज्या कल्याणच्या नावाने ही छावणी ओळखली जात होती, ते प्राचीन बंदर, ते पेशवाईतले सुभ्याचे ठाणे, लोकसंख्येत आपल्या या आश्रितापेक्षा लहान ठरले.

पुढे शहादला रेयॉनचा मोठा कारखाना आला, लोहमार्गावर उल्हासनगर नावाचे स्टेशन झाले, नगरपालिका झाली, १९९६ साली महानगरपालिका झाली. सिंधहून आणलेल्या ज्योतीचे झुलेलालाचे मंदिर पाचव्या छावणीत आहे, आणि चालिहाच्या व्रतात तेथे दूरदूरचे सिंधी लोक येतात. ज्या भाषेला स्वतःचा प्रांत उरला नाही, तिला १९६७ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले.

जमिनीचा प्रश्न मात्र सुटला नाही. १९५४ च्या केंद्रीय कायद्याने निर्वासितांना नुकसानभरपाईच्या हिशेबात बराकी आणि भूखंड मालकी हक्काने देण्याची सोय झाली. पण छावणी मुळात तात्पुरती मांडलेली; तिच्या मोजण्या, तिच्या सनदा, तिचे नकाशे, सगळाच घोळ. बराकीवर मजला चढला, मजल्यावर मजले चढले आणि पुष्कळ ठिकाणी परवानगी हा शब्द कागदावरही राहिला नाही. शेवटी प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ८५५ इमारती पाडण्याची वेळ आली. तेव्हा राज्य सरकारने २००६ साली केवळ या एका शहरासाठी निराळा कायदा करून, दंड भरून अशी बांधकामे नियमित करून घेण्याची वाट काढून दिली. ज्यांना १९४८ साली 'सरकार सांगेल तेथे राहा' असा कायदा लावला होता, त्यांच्या नातवंडांसाठी ५८ वर्षांनी दुसरा कायदा करावा लागला, तो त्यांना तेथून उठवावे लागू नये म्हणून. या कायद्याने बेकायदा बांधकामास उत्तेजन मिळाले अशी टीका झाली, आणि ती अगदीच निराधार म्हणता यावयाची नाही.

ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्या खेड्यांची गोष्ट याहून मंद गतीने पुढे सरकली. काटई-बदलापूर रस्त्यावर नेवाळी नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथे विमानांसाठी धावपट्टी करण्याकरिता आसपासच्या गावांची दीड हजार एकरांहून अधिक जमीन सरकारने घेतली. युद्ध संपल्यावर ती परत मिळेल असे सांगितले होते, असे शेतकऱ्यांचे म्हणणे आहे. युद्ध संपले, धावपट्टी ओस पडली, शेतकरी तेथे पुन्हा भात लावू लागले. परंतु कागदावर जमीन संरक्षण खात्याचीच राहिली. पुढे नौदलाने तिला कुंपण घालावयास आरंभ केला, तेव्हा २२ जून २०१७ रोजी गावकऱ्यांनी रस्ते अडविले, टायर आणि पोलिसांच्या गाड्या पेटविल्या, आणि पोलिसांनी छर्‍यांच्या बंदुका चालविल्या. त्या दिवशी कल्याण-बदलापूरकडची वाहतूक बंद पडली होती. उल्हासनगरची पाचवी छावणी तेथून दोन-तीन मैलांवर आहे.